कमी खर्चात छत सांधण्याची खात्रीशीर पद्धत

जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगला, म्हणजे स्लॅबखाली बसवलेल्या छताला, तडा गेलेला दिसला की घाबरू नका. सगळ्यात आधी वर बघणं सोडा. यात एक पैसाही खर्च नाही. पाहुणे आले तर त्यांना सोफ्याच्या अशा टोकाला बसवा की तडा पंख्याआड जाईल. नणंदबाई आल्या तर त्यांना थेट स्वयंपाकघरात न्या, ‘आपल्या माणसाशी कसला आलाय फॉर्मलपणा’ म्हणा आणि बाहेर येऊच देऊ नका. इतकं करूनही कुणी मान वर केलीच, तर सांगा की हे फाइन आर्ट्सच्या एका मुलाचं काम आहे. ती फॅकल्टी 1950 पासून बडोद्यात आहे. त्यामुळे भिंतीवर नाहीतर छतावर काहीही दिसलं, तरी ‘हे काय?’ असं विचारायला बडोदेकर कचरतो. आपल्याला कळलं नाही, हे कबूल करायची इथे पद्धत नाही.

आता दुसरी काळजी घ्यायची ती ही, की तडा का गेला याचा शोध घ्यायचा नाही. शोध घेतला की कारण सापडतं आणि कारण सापडलं की खर्च निघतो. तडा बिचारा स्वतःहून सगळं सांगत असतो, पण आपण कानात बोळे घालावेत. पट्टी लावून आखल्यासारखा सरळ गेला असेल तर तो दोन बोर्डांचा सांधा. सहा बाय चार फुटांचे बोर्ड पत्र्याच्या चॅनेलवर स्क्रूने बसवले, मधली फट पीओपीने बुजवली, वर रंग मारला आणि कारीगर पुढच्या साइटवर गेला. दिव्याच्या भोकाच्या कोपऱ्यातून तिरका निघाला असेल, तर कापताना तो कोपरा तेव्हाच दुखावला होता. भिंतीच्या कडेकडेने घरभर फिरला असेल, तर वरच्या स्लॅबची हालचाल आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या पुढे सहज जातो. शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि पीओपीला वाकणं ठाऊक नाही, मोडणं तेवढं ठाऊक. अर्थात तुम्ही हे सगळं खापर वरच्यांच्या मुलावर फोडू शकता. तो उत्तरायणात गच्चीवर नाचला होताच.

आणि तड्याभोवती तपकिरी कडं उमटलं असेल, तर ते पाणी. या प्रकारात चुकूनही वरच्या मजल्यावर जाऊ नका. गेलात तर दार अर्धंच उघडेल, ‘अमारे त्यां तो बधुं सूकुं छे’ असं ऐकवलं जाईल आणि पुढे दिवाळीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तुमची आणि त्यांच्या बाथरूमची चर्चा चालेल. त्यापेक्षा डागावर पांढरा रंग मारा. पाणी येतच राहील, डाग रंगातून पुन्हा वर येईल, तुम्ही पुन्हा मारा. बोर्डाचा कागद सुटला, आतला जिप्सम मऊ पडला, छताला पोट सुटलं, तरी डगमगू नका. टीव्ही तेवढा पोटाखालून सरकवा. कित्येकदा वरचं बाथरूम निर्दोष असतं आणि आपल्याच एसीच्या पाण्याची नळी छताच्या आत तुंबलेली असते. ती फुंकून साफ करायला जवळपास काहीच पैसे लागत नाहीत, म्हणून तो उपाय या लेखात धरलेला नाही. तसाही बडोदेकराचा छतावर गाढ विश्वास आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हा किती तरी तळमजल्यांवर कोरडं राहिलं ते फक्त छत. पाणी खालून येतं, वरून नाही, अशी समजूत झाली तर त्यात माणसाचा काय दोष?

सामान आणायला रावपुऱ्यात हार्डवेअरवाल्याकडे गेलात की तो काउंटरवर कागदी जॉइंट टेपचा रोल ठेवेल. तिकडे लक्ष देऊ नका. सगळ्या घराच्या शेव-उसळीचं जेवढं बिल होईल तेवढ्यात तो रोल येतो, आणि इथेच तर आपल्याला बचत करायची आहे. तो म्हणेल, ‘भाऊ, टेपशिवाय सांधा टिकत नाही, बोर्ड थोडे हलणारच, भुकटीला ताण सोसत नाही, कागदाला सोसतो.’ त्याला माल खपवायचाय, आणखी काय? सांधे भरायच्या जॉइंटिंग कंपाउंडची बादलीही तशीच सोडा. घरी मागच्या रंगकामाची अर्धी पिशवी पुट्टी आहे. ती पावसाळ्यात घट्ट होऊन दगड झाली असेल तर वरवंट्याने फोडा. नसेलच, तर पांढरी टूथपेस्ट. बारीक तडा टूथपेस्टने असा बुजतो की आठ दिवस खोलीला पुदिन्याचा वास येतो. नवव्या दिवशी तडा तिथेच असतो.

पीओपी वापरायचंच ठरवलं असेल, तर रविवारची सकाळ निवडा. शिडीचा घोडा मागायला शेजारी जाऊ नका. डायनिंग टेबल, त्यावर पाट, पाटावर तुम्ही. खालून बायको टेबल धरेल आणि बोलेलही. पातेल्यात पीओपी आधी घ्या आणि वरून पाणी ओता. कारीगर पाण्यात भुकटी सोडतात म्हणून त्यांच्या गुठळ्या होत नाहीत. तुमच्या व्हायला हव्यात, नाहीतर हाताने केल्याचं समाधान कसलं? एकदम पातेलंभर कालवा. मग वर चढा, मग लक्षात येईल की पट्टी खालीच राहिली, मग उतरा, मग फोन येईल. पीओपीला धरायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तुम्ही परत वर पोचाल तेव्हा ते चमच्याभोवती घट्ट व्हायला लागलेलं असेल, आणि पातेल्याला हात लावलात तर चक्क कोमट लागेल. घाबरू नका, वाटीभर पाणी घालून पुन्हा ढवळा. दिसायला परत मऊ होतं. एकदा धरायला लागलेल्या पीओपीत पाणी घातलं की त्याची ताकद गेली, असं जुने मिस्त्री सांगतात, पण ते पातेल्यानं पैसे मोजत नाहीत. हा लगदा तड्यावर दाबा. अर्धा तड्यावर बसेल, अर्धा कोपरातून बाहीत जाईल. तडा आधी पट्टीने खरवडून, सुटलेली पोपडी काढून, धूळ झटकून, सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतराने नवे स्क्रू मारून मगच भरायचा असतो. पण ते केलं तर बोर्ड हलायचा थांबेल, आणि मग पुढच्या रविवारी काय करणार?

मधेच एक गोष्ट सांगतो. लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपले हिशेब चुकलेत, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीने तो खचला, अशी कथा बडोद्यात सांगतात. तो 1881 मध्ये वारला, काम पुढे रॉबर्ट चिझमने पुरं केलं, 1890 मध्ये पॅलेस तयार झाला आणि अजून ठणठणीत उभा आहे. आपल्या फॉल्स सीलिंगवाल्याला असली धास्ती कधी शिवतही नाही. त्याची तब्येत उत्तम असते.

असो. वाळायला वेळ देऊ नका. टेपवाले लोक पहिला हात एक दिवस वाळवतात, मग दुसरा थोडा रुंद, तिसरा फूटभर रुंद, आणि कडा इतक्या पातळ काढतात की हात फिरवला तरी लागत नाहीत. तुमचा मात्र एकच हात, जाड आणि अरुंद, म्हणजे संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की छतावर सापाने उंदीर गिळल्याचं दृश्य दिसेल. तो उंचवटा पॉलिश पेपरने घासा. घासताना पंखा चालू ठेवा, गरम होतं. भुकटी देवघरापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत समान वाटली जाईल, आणि घरातला प्रत्येक जण सर्फसारखा पांढरा होऊन तुमच्याकडे बघत उभा राहील. तोंडाला रुमाल वगैरे बांधू नका.

रंगाचं सोपं आहे. प्राइमर लावायचा नाही. छताला मॅट रंग द्यावा म्हणजे उंचसखल झाकतं, असं म्हणतात. तुम्ही चकचकीतच घ्या, पुसता येतो. आणि सगळं छत कशाला, जिथे तडा होता तेवढीच पट्टी मारा. जुना पांढरा आणि नवा पांढरा यांच्यात किती अंतर असतं, ते पाहिल्याशिवाय पटत नाही.

एवढ्यावरही हात शिवशिवत असतील तर एखादं वजनदार झुंबर घ्या आणि ते स्लॅबला न टांगता सरळ जिप्सम बोर्डाला टांगा. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड आहे, तो तरी किती नाही म्हणेल?

पुढच्या गणपतीआधी तडा परत दिसेल, या वेळी फाटे फुटलेला. मग कारीगराला बोलवा. तो बूट न काढता आत येईल, मान वर करेल, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करेल आणि सगळं छत काढायला सांगेल. आकडा ऐकून तुम्ही खुर्चीत बसाल. बसल्या बसल्या त्याला एवढंच विचारा की नव्या छताच्या सांध्यांना टेप लावणार का. ‘काका, एनी जरूर नथी’ असं उत्तर आलं, की लगेच ॲडव्हान्स द्या.