बिडाचा पाइप उपटण्याआधी

सध्या एक मजकूर घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे: सांडपाण्याचे जुने बिडाचे, मातीचे पाइप पावसाआधी उपटा आणि पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप घाला. तो गंजत नाही, तुंबत नाही, उकळतं पाणीही सोसतो, आणि काम एका दिवसात होतं.

गंजत नाही, हे खरं. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात बिडाला पापुद्रे सुटतात ते सगळ्यांनी पाहिलंय. मात्र कायम उन्हात राहिलेला पीव्हीसी ठिसूळ होतो, हे त्या मजकुरात नाही.

तुंबत नाही, हे साफ चूक. डिचोलीला आमच्या घरी मोरीचा पाइप बदलला आणि चवथीला घर भरलेलं असताना पाणी उलटं वर आलं. परसात चर उकरला. चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर टेकवलेला पाइप मधोमध खाली झुकला होता आणि त्या खळग्यात खोबऱ्याचा चोथा तुपात थिजून बसला होता. बीड दोन टेकूंवर सरळ राहतं. पीव्हीसीला जमिनीत खालून सलग वाळू लागते, भिंतीवर जवळजवळ क्लॅम्प लागतात. चार इंची पाइपला ४० ते ६० फुटांत एक फूट ढाळ हवा, तोही सलग. ढाळ चुकला तर पाइप कशाचाही असो, तुंबणारच.

उकळत्या पाण्याचं म्हणाल तर साधा पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. पूर्वी भात वेळून काढलेली पेज गोठ्यात जायची, आता ती वाफाळती थेट सिंकमध्ये जाते. ती जरा निवू द्या. शिवाय तापला की हा पाइप लांबतो: तीन मीटरचा पाइप ३० अंशांनी तापला तर सहा मिलिमीटरच्या आसपास. रबरी रिंगच्या जोडात तेवढी जागा सोडली नाही तर बेंडवर, म्हणजे वळणाच्या तुकड्यावर, ताण येतो.

आणि 'पीव्हीसी घाला' म्हणजे कुठला? आयएस १३५९२ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी, म्हणजे हवा जायच्या नळीसाठी. संडास-मोरीसाठी जाड भिंतीचा टाइप बी. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पाइपवर छापलेलं वाचूनच पैसे द्या.

मातीचे पाइप सरसकट उपटायचं तर कारणच नाही. चकाकीच्या लेपाचा मातीचा पाइप सडत नाही. सुटतात ते जोड, आणि तिथूनच झाडांची मुळं आत शिरतात. अनेकदा तेवढाच तुकडा बदलून भागतं.

'एका दिवसात'च्या घाईची मला खरी भीती वाटते ती जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपांमुळे. ते कटरने कापू देऊ नका, त्याची धूळ फुप्फुसांत कायमची बसते. ओले करून जोडावरून अख्खे सुटे करायला सांगा. नवा पाइप बसला की चर लगेच बुजवू नका. खालचं तोंड बंद करा, पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला हे केलं तेव्हा एक जोड पाझरताना तिथेच सापडला.