पॅनेलसमोरची तीन फूट जागा

आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद चालू आहे आणि तो मीच लावलाय. गुहागरला धाकटा भाऊ होमस्टे काढतोय, मागच्या पडवीत मोठं किचन केलं, कौतुकाने फोटो टाकला, तर माझी नजर आधी चिमणीच्या डक्टवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपावर. ॲल्युमिनियमचा तो पाइप बरोबर मेन बोर्डाच्या डोक्यावरून आडवा नेलाय, खाली पाण्याचा पिंप आणि नारळाची पोती. मी लिहिलं, हे हलव रे. लगेच काका, "अमेरिकेचे कायदे तिकडेच ठेव, इथे पडवी आहे, मॉल नाही!"

आता मी न्यू जर्सीत डक्टचंच काम करतो, म्हणून खुपलं. इथे घरगुती व्होल्टेजच्या पॅनेलसमोर, म्हणजे मेन बोर्डासमोर, 3 फूट मोकळं, रुंदी निदान 30 इंच, उंची साडेसहा फूट, आणि पॅनेलच्या वर 6 फुटांपर्यंत किंवा स्लॅब लागेपर्यंत त्याच्याच मापाचा पट्टा फक्त इलेक्ट्रिकचा, डक्ट तिथून न्यायचा नाही. मीही एकदा शहाणपणा केला होता, फॉल्स सीलिंगच्या वरून डक्ट नेला, म्हटलं कोणाला दिसतोय. इन्स्पेक्टरने टाइल उचलली, म्हणाला फॉल्स सीलिंग म्हणजे छत नव्हे, आणि दोन एल्बो (वळणाचे तुकडे) लावून सगळा डक्ट सरकवावा लागला, मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पण काका, हा काही अमेरिकन शोध नाही हो. आपल्याकडे 1956 च्या वीज नियमांतही मेन स्विचबोर्डासमोर 3 फूट मोकळे सोडायला सांगितलं होतं, आता 1 मीटर आहे, 250 व्होल्टच्या वरच्या सप्लायला, आणि धाकट्याने एसींसाठी थ्री फेज घेतलंय, म्हणजे त्याला तो लागूच! फरक एवढाच की इथे टाइल उचलून बघणारा येतो. नाहीतर इथल्या घरांच्या बेसमेंटमध्येही पॅनेलसमोर ख्रिसमसचे खोके रचलेले असतातच, मी रोज बघतो.

आणि ती जागा त्या डब्यासाठी नाहीच मुळी, वायरमनसाठी आहे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर किती घरांत माणसं तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून बोर्ड उघडत होती, अशा वेळी ठिणगी उडाली तर मागे सरायला पोती नकोत ना. वर चिमणीची वाफ डक्टमध्ये थंड होऊन तेलासकट टेप लावलेल्या जॉइंटमधून ठिबकणार, ती बोर्डात. खाऱ्या हवेने स्क्रू आधीच गंजतात आपल्याकडे.

भावाचंही अगदी चूक नाही. तो म्हणतो एल्बो वाढवले की सक्शन मरतं, ते खरंय, मग मी म्हटलं दुसऱ्या भिंतीतून सरळ बाहेर काढ, तर म्हणे, "मेल्या, चिऱ्याची भिंत गणपतीच्या आधी फोडायला गडी तू पाठवतोस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोती मात्र त्याच संध्याकाळी हलली. पिंप अजून तिथेच, आई म्हणते नळ जवळ पडतो.