‘क्रमवारीच्या कृपेने’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. तलवारबाज भवानीदेवीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द फार तिखट गेले असते, म्हणून सकाळ होऊ दिली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुमचं म्हणणं असं, की मी भावनेच्या भरात लिहिलंय. भवानी टोकियो ऑलिंपिकला ‘क्रमवारीच्या कृपेने’ गेली, एक सोपा सामना जिंकली आणि दुसऱ्यात गारद झाली, पॅरिसला तर पोचलीच नाही. महाराष्ट्रातल्या तलवारबाजांवर मी एक ओळ लिहिली नाही. पिस्टची, म्हणजे सामना चालतो त्या पट्टीची, लांबी चुकली. आणि शेवटी, ‘ताई, खेळाचा जरा अभ्यास करून लिहीत जा.’

पिस्टची लांबी खरंच चुकली. ती १४ मीटर. दोन्ही टोकांची मागची मोकळी जागा धरून मी १८ लिहून बसले. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते ‘ताई’. आपल्याकडे अनोळखी बाईला ताई म्हणतात, मीही म्हणते, त्यात मान असतो. तुमच्या वाक्यात तो नव्हता. ‘अभ्यास करून लिहीत जा’ हे तुम्ही एखाद्या पुरुष लेखकाला इतक्या सहज लिहिलं असतं का, याचं उत्तर स्वतःलाच द्या. मी सात वर्षं सेबर, म्हणजे भवानीचाच तलवारबाजीचा प्रकार, खेळले आहे. शाळेच्या शेडमध्ये आम्ही चौघी आणि लामे जॅकेट, म्हणजे वार बसला की दिवा लागावा म्हणून घालायचं धातूच्या जरीचं जॅकेट, एकच. एकीचा सामना संपला की घामाने ओलं झालेलं तेच जॅकेट दुसरी चढवायची. त्यातली धातूची जर उजव्या खांद्यापाशी झिजली होती, तिथे वार बसला तरी दिवा लागायचा नाही. राज्य स्पर्धेत त्याच जागेवरून वाद झाला आणि निवड समितीतले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मुलींनी एवढं मनावर घ्यायचं नसतं.’ तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच आवाज कानात आला.

‘क्रमवारीच्या कृपेने’ हे दोन शब्द तर मला सोडवतच नाहीत. ऑलिंपिकमध्ये ज्या देशाचा संघ पात्र ठरतो, त्याच्या तिघींना वैयक्तिक स्पर्धेतही उतरता येतं. आपला संघ नव्हता. मग उरतात मोजक्या जागा. आशिया आणि ओशिआनिया मिळून क्रमवारीवर फक्त दोन, आणि त्यातली एक मार्च २०२१ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक चषकानंतर भवानीला मिळाली. क्रमवारीत ती ४५वी होती. क्रमवारी कुणी दान देत नाही हो! एकेका शहरात जाऊन, पहाटे हत्यारं तपासून घेऊन, गटातले पाच-पाच गुणांचे सामने खेळून ती कमवावी लागते. एक वाईट दिवस गेला की विमानाचं भाडं पाण्यात. भारतात राहून हे जमेना, म्हणून ती इटलीत लिव्होर्नोला निकोला झानोत्तींकडे सरावाला राहिली. त्याआधी केरळात थलासेरीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात सागर लागूंकडे. आणि त्याही आधी चेन्नईच्या शाळेत सराव बांबूच्या काठ्यांनी, विजेची तलवार हातात यायची ती स्पर्धेपुरती. चौदाव्या वर्षी पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला, तुर्कस्तानात, तीन मिनिटं उशीर झाला म्हणून काळं कार्ड मिळून ती बाहेर पडली. तिथून टोकियोपर्यंतच्या वाटेला तुम्ही ‘कृपा’ म्हणता. कुणाची कृपा, तेवढं सांगाल?

‘सोपा सामना’ हाही शब्द तुमचाच. २६ जुलै २०२१ला ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला तिने १५-३ हरवलं. गुणफलक बघून तो सोपा वाटतो. सेबरमध्ये पंचाने ‘खेळा’ म्हटल्यापासून दिवा लागेपर्यंत बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदसुद्धा जात नाहीत. दोघींचे दिवे एकदम लागले, तर हल्ला आधी कुणी सुरू केला हे पंच ठरवतो. पाय पुढे पडताना हात अर्धा क्षण मागे राहिला की गुण समोरचीला. ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिल्यांदाच पिस्टवर उभं राहून, तेव्हा हात थरथरू न देणं मला सोपं वाटत नाही.

दुसरा सामना फ्रान्सच्या मानों ब्रुनेशी, ७-१५. हरलीच ती, मी कुठे नाकारलं? पण तो सामना तुम्ही पाहिलात की नुसता निकाल वाचलात? आठव्या गुणाला विश्रांती होते, तेव्हा २-८ होतं. त्यानंतरचा हिशेब ५-७ आहे. एका मिनिटाच्या त्या विश्रांतीत तिने काहीतरी बदललं आणि त्या स्पर्धेचं कांस्यपदक नेणारीकडून पाच गुण काढले. मी लेखात जे कौतुक केलं ते या पाच गुणांचं. सामन्यानंतर तिने देशाची माफी मागितली, ते वाचून मी रडले. याला भावनेचा भर म्हणायचं असेल तर म्हणा.

पॅरिसला ती पात्र ठरली नाही हे खरं, लेखात ते होतंच. मात्र जून २०२३मध्ये चीनमधल्या वूशीच्या आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत तिने जपानच्या मिसाकी एमुराला, म्हणजे तेव्हाच्या विश्वविजेतीला, १५-१० हरवलं. उपांत्य फेरी एका गुणाने गेली, १४-१५. तरी कांस्य मिळालं, त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. तुमच्या प्रतिक्रियेत वूशीचं नावही नाही, आणि अभ्यास मी करायचा!

महाराष्ट्रातल्या खेळाडूंचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे, तो इथे काढायचं कारण नव्हतं.

मी दर रविवारी सकाळी सात वाजता मुलींना सेबर शिकवते. तुम्ही नाशिकचे आहात असं तुम्हीच लिहिलंय, मीही नाशिकचीच. या. मास्क, जॅकेट, हातमोजा मी देते. माझ्याकडची तेरा वर्षांची एक मुलगी तुमच्याशी पाच गुणांचा सामना खेळेल. दंडावर वळ उठतील, ते तीन-चार दिवस राहतात. ते दुखायचे थांबायच्या आत ‘सोपा’ या शब्दावर पुन्हा लिहा, मी छापीन. फक्त तेव्हा ‘ताई’ नको, नावाने लिहा.