मनगटातली तार आणि मामांचे ऑपरेशन

मामांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून एक संदेश बेळगावहून खानापूरला पोहोचला आणि मामेभावाने मला फोन करून विचारले, "दादा, ऑपरेशन थांबवायचे का?" संदेश असा: मेंदूभोवती साठलेले रक्त काढायला कवटीला भोक पाडण्याची गरज उरलेली नाही, मनगटातून तार घातली की काम होते; तोवर रक्त विरघळावे म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी दुप्पट घ्यावी; स्टेरॉइडनेही ते जिरते; आणि डॉक्टर हे सारे लपवतात.

गोळीचे आधी, कारण हा सल्ला जीव घेईल. मामा अँजिओप्लास्टीपासून अ‍ॅस्पिरिन घेतात. अ‍ॅस्पिरिन साकळलेले रक्त विरघळवत नाही. ती रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणजेच चालू असलेला पाझर थांबणे आणखी अवघड करते. शिवाय कवटीखाली काही आठवडे राहिलेले हे रक्त बहुतांशी गोठलेले नसतेच. ते गाडीच्या जुन्या ऑइलसारखे काळपट आणि पातळ झालेले असते, म्हणून तर लहानशा छिद्रातून, अनेकदा तेवढ्याच जागेला भूल देऊन, काढता येते. गोळी किती दिवस बंद ठेवायची, हेही स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

तारेची गोष्ट खोटी नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. साठलेल्या रक्ताभोवती जे पातळ पटल तयार होते, त्यातल्या नाजूक नव्या वाहिन्या पुन्हा पुन्हा पाझरतात. त्यांना रक्त पुरवणारी मेंदूच्या आवरणातील धमनी जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन बंद करता येते. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एम्बोलाइज चाचणीत ४०० रुग्णांच्या दोन्ही गटांचे ऑपरेशन झालेच होते. एका गटाची धमनी त्याशिवाय बंद केली गेली. ९० दिवसांत पुन्हा ऑपरेशनची वेळ त्या गटात ४.१ टक्के रुग्णांवर आली, नुसते ऑपरेशन झालेल्यांत ११.३ टक्क्यांवर. हा फायदा लहान नाही, पण तो ऑपरेशनच्या जोडीला मिळालेला आहे. धमनी बंद केल्यावर रक्त हळूहळू, आठवड्यांनी जिरते. डाव्या पायातली चप्पल अंगणातच गळून पडली तरी ज्यांना कळले नाही आणि जे तसेच अनवाणी पुढे गेले, त्या मामांच्या मेंदूवरचा दाब इतके दिवस थांबणारा नव्हता.

स्टेरॉइडवर २०२० साली ब्रिटनमधील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आहे: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी आली, परंतु सहा महिन्यांनी त्यांची एकूण अवस्था ते न घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली.

राहिले लपवण्याचे. मामांच्या डॉक्टरांनी तारेचा उपाय आम्हाला आधीच, न विचारता सांगितला होता: आता दाब उतरवू, रक्त पुन्हा साठले तर त्याचा विचार करू.