ऐंशी पार झाली म्हणून ऑपरेशन नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पोटातली महाधमनी फुटलेल्या ऐंशीपुढच्या माणसाला टेबलावर घेणं म्हणजे शेवटच्या दिवसांचे हाल, आणि 'वयाकडे बघू नका' असं लिहून मी नातेवाइकांना खोटी आशा लावतो, असं तुमचं म्हणणं. वर याच आजारात आइनस्टाईननेही ऑपरेशन नाकारलं होतं, हे सुनावलंत.

आधी कबुली. ते वाक्य चुकलंच. वय वाढतं तसं या ऑपरेशनमधून वाचण्याचं प्रमाण घटतं, यात वाद नाही. शिवाय ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांचे आकडे थोडे फसवे असतात. फार खालावलेल्यांना कुणी आत नेलेलंच नसतं.

पण एकट्या वयावर खापर फोडू नका. ग्लासगो स्कोअर नावाचं जुनं गणित आहे. वयाची जितकी वर्षं तितके गुण, शॉक (म्हणजे रक्त गेल्याने बीपी कोसळलेलं) असेल तर वर १७, किडनीचा आजार १४, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा १०, हृदयाचा ७. बेरीज जास्त तितका धोका जास्त. आता बीपी टिकून असलेल्या, एरवी ठणठणीत ८२ वर्षांच्या आजी घ्या: ८२. शॉकमध्ये आलेले, किडनी आधीच अधू असलेले ६५ वर्षांचे काका: ९६. तुमच्या नियमाने काका आत जातात आणि आजी बाहेर राहतात!

मी भूल देणारा, म्हणून टेबलावरचं सांगतो. एरवी आधी भूल, मग पोटाला जंतुनाशक लावून चादरी टाकणं. इथे उलटं. पेशंट जागा असतानाच सगळी तयारी करून सर्जन सुरी घेऊन उभा असतो. कारण भूल चढली की पोटाचे ताठरलेले स्नायू सैल पडतात, त्यांनी दाबून धरलेलं रक्त सुटतं आणि बीपी कोसळतं. तिथपासून धमनीवर क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) बसेपर्यंत हृदय आणि किडनी किती तग धरतात, यावर पुढचं बरंचसं ठरतं. पोट न उघडता जांघेतून धमनीत स्टेंट (आतून आधार देणारी नळी) घालायचा असेल तर नुसती जागा बधिर करून भागतं. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या २०१४ च्या इम्प्रूव्ह चाचणीत ६१३ रुग्ण होते. तीस दिवसांतले मृत्यू स्टेंटच्या गटात ३५.४ टक्के, पोट उघडण्याच्या गटात ३७.४, म्हणजे फरक नगण्य. पण स्टेंट घातलेल्यांत, ज्यांना पूर्ण भूल न देता जागा बधिर केली, ते जास्त वाचले.

राहिले आइनस्टाईन. १९५५ साली ते ७६ वर्षांचे होते, शुद्धीवर होते आणि नकार त्यांनी स्वतः दिला. वय बघून दुसऱ्याने त्यांच्या वतीने दिला नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तीस दिवस जगला म्हणजे स्वतःच्या पायांनी घरी गेला, असं नव्हे. डायलिसिस, अंथरुणातले महिने, हे सगळं मी एका ओळीत उरकलं होतं. तो परिच्छेद आज नव्याने लिहिला, 'वयाकडे बघू नका' काढून टाकलं. नातेवाइकांना मी पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न, 'मागच्या आठवड्यात जिना चढत होत्या का?', तेवढा तसाच ठेवलाय.