विदेशी प्राण्यांना कायदा लागू नाही, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

नांदणी मठाची महादेवी हत्तीण जुलै 2025 मध्ये गुजरातमधील वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात हलवण्यात आली, तेव्हापासून कोल्हापुरात प्राण्यांच्या कायद्यावर घरोघरी बोलले जाते. याच चर्चेच्या आधाराने एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: देशी पोपट पाळणे गुन्हा असला तरी विदेशी प्राण्यांना आपला वन्यजीव कायदा लागू नाही, ते सगळे फार्मवर जन्मलेले असतात, परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक पोर्टलवर नोंद केली की कोणी विचारत नाही, आणि नकोसा झालेला प्राणी कोल्हापूरच्या रंकाळा तलावात सोडता येतो. आफ्रिकन ग्रे (पोपट) किंवा बॉल पायथन (अजगर) घेण्याची हौस असलेली कितीतरी तरुण मुले यावर विश्वास ठेवत आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिले विधान पूर्वी बरेचसे खरे होते. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूचींत मुख्यतः भारतातील प्रजाती होत्या, त्यामुळे विदेशी प्राणी सीमाशुल्क विभागाची नजर चुकवून एकदा आत आला की त्याला हात लावणे अवघड जाई. धोक्यातील वन्यप्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या 1973 च्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत 1976 पासून सदस्य आहे, परंतु त्यातील प्रजातींना देशाच्या आत कायद्याचे बळ मिळाले ते 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साइट्सच्या परिशिष्टांतील प्रजाती आता याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. आफ्रिकन ग्रे पहिल्या परिशिष्टात आहे, तर बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना दुसऱ्या. बजरीगर आणि कॉकाटील हे छोटे पोपट मात्र परिशिष्टांत नाहीत, तेव्हा ते पाळणाऱ्यांनी या कलमांची धास्ती घेऊ नये.

‘सगळे फार्मवर जन्मलेले’ हा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकणाऱ्याचे मन निर्धास्त करतो. इंडोनेशियातून बंदिवासात जन्मलेले म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांची तपासणी करणारा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदान 80 टक्के अजगर प्रत्यक्षात रानातून पकडलेले असल्याचे आढळले. बॉल पायथनच्या बाबतीत घाना, टोगो आणि बेनिनमध्ये गाभण माद्या रानातून आणून त्यांची अंडी उबवली जातात आणि पिल्ले परदेशी पाठवली जातात. म्हणजे पिल्लू फार्मवर जन्मले तरी आई रानातलीच असते. साइट्सच्या परवान्यावर म्हणूनच उगमाचा संकेत लिहावा लागतो: रानातल्यासाठी एक अक्षर, अशा पिल्लांसाठी दुसरे, बंदिवासातील प्रजननासाठी तिसरे. पक्ष्याच्या पायातली अखंड रिंगही नीट पाहावी. ती पिल्लू काही दिवसांचे असतानाच पंजातून सरकवता येते, मोठ्या पक्ष्याला चढत नाही, म्हणून ती पक्षी बंदिवासात जन्मल्याची खूण मानली जाते. कापून पुन्हा जोडलेली रिंग दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा. विक्रेत्याची साधी पावती या कशाचीच जागा घेऊ शकत नाही.

नोंदणीबाबतचा गैरसमज जून 2020 च्या स्वेच्छा घोषणा योजनेतून आला असावा. त्या वेळी सहा महिन्यांत माहिती देणाऱ्यांकडे उगमाची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. ती सवलत केव्हाच संपली. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी आधीपासून बाळगलेल्या प्राण्यांच्या नोंदणीसाठी सहा महिने दिले होते, तीही मुदत गेली. शिवाय प्राणी कायद्याचा भंग करून मिळवलेला नाही, याची खात्री पटल्यावरच नोंदणी प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. थोडक्यात, चोरटी आयात नोंदणीने वैध होत नाही. प्राण्याचे हस्तांतर, पिल्लांचा जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात, आणि पहिल्या परिशिष्टातील प्रजातींच्या प्रजननासाठी वेगळा परवाना लागतो. चोरट्या मार्गाने येणाऱ्या प्राण्यांचे हाल काय होतात, हे मुंबई विमानतळावर जून 2025 मध्ये दिसले: थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात चाळीसहून अधिक विषारी साप कोंबलेले होते.

रंकाळ्याबद्दल फार लिहायची गरज नाही. लाल कानपट्टीचे अमेरिकी कासव नव्या पाण्यात रुजते आणि स्थानिक कासवांना मागे सारते, म्हणून युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात बंद केली. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, ही गोष्ट लहान मुले असलेल्या घरांनी विशेष लक्षात घ्यावी. प्राणी सांभाळणे जमत नसेल तर तो रंकाळ्यात किंवा पंचगंगेत न सोडता वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.