डॉल्बीच्या भिंतीआड कोण वाजवतंय?

गणपती जवळ आले की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादाला तोंड फुटतं. दादाचं म्हणणं, मिरवणुकीत डॉल्बी नको; हलगी-घुमकं-कैताळ आणि लेझीम हीच आपली परंपरा, बाहेरच्या गाण्यांनी पोरं बिघडली. भाचा म्हणतो, डॉल्बीशिवाय मंडळामागं पोरंच येत नाहीत. मी अमेरिकेतल्या मेम्फिसहून दोन ओळी लिहिल्या की दादाचं उत्तर ठरलेलं : "तायडे, तिकडं बसून तुला काय कळतंय हितलं?"

तिकडं बसूनच जे कळलं ते सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात मी नाट्यगीतं ऐकत वाढले. देवल क्लबातल्या मैफली ऐकल्या, तालमीपुढची हलगी ऐकली. इंग्रजी गाणी आपली नव्हेत, एवढं पक्कं होतं. नोकरीसाठी इथं आले आणि ऑफिसातल्या एका वयस्कर कृष्णवर्णीय बाईंनी गाडीत ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय गायकाचं 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' लावलं. गाणं मूळचं 1932 सालचं, गुळगुळीत, नाचाच्या हॉलमधलं. ओटिसनं ते 1966 मध्ये गायलं. सुरुवातीला फुंकवाद्यांचे चार सूर आणि त्याचा जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. मग ड्रमवाला अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीनं नुसतं टक्-टक् करत राहतो. बराच वेळ तेवढंच. मागून एकेक वाद्य येऊन मिळतं, लय आवळत जाते, आणि शेवटी ओटिसपाशी शब्दच उरत नाहीत, नुसते तुटक हुंकार. खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवान एकमेकांना जोखत फिरत असतात तोवर हलगी हात राखून वाजते आणि कुणी पट काढला की कडाडते, तसंच हे. भाषा धड कळत नसताना त्या टक्-टक्‌नं मला धरून ठेवलं. त्यानंतर मी या गाण्यांच्या मागंच लागले.

ते गाणं जिथं ध्वनिमुद्रित झालं ती स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी याच गावातली, मॅकलमोर ॲव्हेन्यूवरच्या एका जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेली. थिएटरची उतरती जमीन तशीच ठेवून त्यांनी स्टुडिओ केला, आणि जिथं खाऊ विकला जायचा तिथं रेकॉर्डचं दुकान काढलं. आजूबाजूची पोरं दुकानात रेंगाळायची, त्यातली काही पुढं आत जाऊन वाजवायला लागली. ओटिस स्वतः 1962 मध्ये दुसऱ्याच एका वादकाची गाडी चालवत तिथं आला होता. वेळ उरला म्हणून त्याला गायला मिळालं. स्टुडिओच्या ठरलेल्या चार वादकांत पुढं दोन काळे आणि दोन गोरे होते. वर्णभेदानं दुभंगलेल्या या शहरात ही चौघं रोज एका खोलीत बसून वाजवायची.

ओटिस गायचा त्या गाण्याला सोल म्हणतात. हे सोल जन्मलं चर्चच्या गाण्यातून. रे चार्ल्सनं 1954 मध्ये भक्तिगीताच्या चालीवर बाईवरच्या प्रेमाचं गाणं केलं तेव्हा धर्मनिष्ठ मंडळी खवळली होती. देवाची चाल बाजारात नेली, हा त्यांचा राग. वाचताना मला आपला होनाजी बाळा आठवला. लावण्या रचणारा हा शाहीर, आणि 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी त्याचीच. फडावरचा माणूस देवघरात पहाटे गायला जातो, यात आपल्याला आज काहीच वावगं वाटत नाही.

आणि दादा ज्याला आपलं म्हणतो ते तरी कुठून आलं? अल्लादियाखाँसाहेब राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला, खाँसाहेब 1922 मध्ये महाराज जाईपर्यंत कोल्हापुरात राहिले, आणि आज त्यांच्या गायकीशिवाय कोल्हापूरच्या संगीताचं नाव घेता येत नाही. तेव्हा गाणं बाहेरचं आहे म्हणून ते पोराला बिघडवतं, हे मी मानत नाही. भाच्यानं ओटिस ऐकावा, अरिथा फ्रँकलिन ऐकावी, त्याला आवडेल ते रॅपही ऐकावं.

डॉल्बीला मात्र माझा दादाइतकाच विरोध आहे. कायद्यानं रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. त्या स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून ती पाळली जाते असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पेठेतली म्हातारी माणसं त्या रात्री खिडक्या लावून कान दाबून बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझं खरं दुःख दुसरंच आहे. त्या भिंतीआड कुणीच वाजवत नाही. जे पैसे दहा-बारा हलगीवाल्यांच्या घरी गेले असते ते स्पीकरच्या आणि जनरेटरच्या भाड्यात जातात. आणि परंपरेचे गोडवे गाणारी आमची माणसं त्याच हलगीवाल्याशी बिदागीवरून घासाघीस करतात, मिरवणूक संपली की वर्षभर त्याची विचारपूस करत नाहीत. डॉल्बी बंद झाला तरी हे तसंच चालू राहिलं तर हलगी टिकायची कशी? कुठला बाप पोराच्या हातात ती देईल?

इथं सगळं आलबेल आहे असं सांगायला मी बसलेली नाही. ओटिस 1967 च्या डिसेंबरात विमान अपघातात गेला, वयाच्या अवघ्या 26व्या वर्षी. पुढच्याच एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची याच गावात लोरेन मोटेलवर हत्या झाली; स्टॅक्सची मंडळी त्या मोटेलवर गाणी रचत बसायची. 1975 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. 1989 मध्ये ती इमारत चक्क पाडून टाकली आणि कित्येक वर्षं तिथं रिकामी जागा होती. एवढं सोनं पिकवलेली जागा या शहरानं मातीमोल केली होती. मग 2003 मध्ये त्याच ठिकाणी तसंच थिएटर पुन्हा उभं राहिलं, त्यात संग्रहालय झालं. मला मोलाची वाटते ती त्याच्या शेजारची संगीत अकादमी. वस्तीतली पोरं शाळा सुटल्यावर तिथं येतात आणि वाजवायला शिकतात.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना मी फोनवर पाहत होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रडू आवरलं नाही. ते पुन्हा उभं राहावं यासाठी कोल्हापूरकर ज्या तळमळीनं बोलले ते ऐकून ऊर भरून आला. माझी मागणी एवढीच, की तिथल्या एका खोलीत हलगी-घुमक्याचा वर्ग रोज संध्याकाळी भरावा, शिकवणाऱ्या वस्तादाला महिन्याचा पगार मिळावा, आणि शेजारच्या खोलीत गिटार शिकणारं पोर असलं तर त्याला कुणी हटकू नये.

यंदा मंडळाची माझी वर्गणी हलगीवाल्यांच्या बिदागीतच घालायची, असं मी अध्यक्षांना कळवलंय. दादानं लगेच होकार दिला. भाच्याला ओटिसचं गाणं पाठवलंय, सोबत तालीम मंडळाच्या हलगीचा जुना व्हिडिओ. त्याचा उलट निरोप आला : "आत्या, तो ड्रमवाला कोण आहे?"